काठावरचं बिऱ्हाड

आफ्रिकेत जायचं आणि तेही तंबूत राहायला, असं कुणी बोललं की नाशिकच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला: तिथं जेवायचं काय? दुसरा प्रश्न सिंहाचा. पैशांचा प्रश्न तिसरा, पण तो आधीच्या दोघांच्या आडून डोकावत असतोच. या तिन्हींना उत्तरं आहेत. ज्या प्रश्नावर अशा सहलीचं भलंबुरं ठरतं तो मात्र सहसा कुणी विचारत नाही. रात्री अंथरूण पाण्यापासून किती लांब असणार?

डिसेंबरातल्या शनिवारी दुपारी घोटीवरून भंडारदऱ्याकडे वळणाऱ्या गाड्यांनाही हा प्रश्न तितकाच लागू आहे. डिकीत तंबू, कोळशाची शेगडी, मसाला लावून ठेवलेलं चिकन, पाण्याचे जार, एखादी गिटार. आणि सगळ्यांचा हट्ट एकच: तंबूची चेन उघडली की समोर पाणी दिसलं पाहिजे. जाहिरातीतल्या फोटोत तसंच असतं. वर्षातले कित्येक महिने उघड्यावर काढणारी माणसं मात्र असा हट्ट धरत नाहीत. सिन्नर, नांदगाव, येवल्याकडचे मेंढपाळ कळपासह फिरताना मुक्काम टाकतात तो पीक निघालेल्या रानात, उंचवट्यावर, कोरड्या जागी. पाण्यावर मेंढ्या नेतात, पाजतात, परत आणतात. पाण्याशी त्यांचं काम दिवसाचं असतं.

जेवणाचं आधी उरकून घेऊ, कारण तिथं काळजीला जागा सर्वांत कमी. बोत्सवाना, नामिबिया, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका या देशांत गाडी भाड्यानं घ्यायची, स्वतः चालवायची, टपावरच्या तंबूत झोपायचं आणि हातानं रांधून खायचं ही रीत चांगली रुळलेली आहे. तिथली कुटुंबंही सुट्टी अशीच काढतात. फोर-बाय-फोर गाडीबरोबर टपावर उलगडणारे तंबू, बॅटरीवर चालणारा फ्रिज, गॅसची शेगडी, पातेली, ताटल्या, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे आणि डिझेलचे कॅन असा सगळा संसार मिळतो. टूरवर जाणाऱ्या मराठी माणसाला सोबतच्या महाराजांमुळे जो दिलासा मिळतो, तो इथं आपल्याच हातात असतो. बोत्सवानातल्या माउन आणि कसाने या गावांत तांदूळ, कांदे-बटाटे, टोमॅटो, अंडी, मक्याचं पीठ सहज मिळतं. काळा मसाला, मेतकूट, भाजणी घरून न्यावी लागेल. विमानतळावर विचारलं तर लपवू नये, इतकंच.

एक अडचण वाटेतली. बोत्सवानात गुरांच्या लाळ-खुरकुताला आवर घालण्यासाठी देशभर लांबच लांब कुंपणं घातली आहेत आणि त्यांच्या फाटकांवर पशुवैद्यकीय तपासणी होते. रोगाचा धोका असलेल्या भागातून दुसऱ्या भागात कच्चं मांस नेऊ देत नाहीत. फ्रिजमध्ये चार दिवसांचं मटण भरून निघालेल्याला ते फाटकावर सोडून द्यावं लागतं. शाकाहाऱ्याला तिथं कुणी अडवत नाही. नाशिकचा खाणारा बहुधा दोन्हीकडचा असतो, त्यानं फाटक ओलांडल्यावर मटण घ्यावं.

कागदपत्रांत दोनच गोष्टी नाशिकच्या माणसाला नव्या वाटतात. पहिली, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो पेठ रोडच्या आरटीओत मिळतो, एक वर्ष चालतो. गाडी या सगळ्या देशांत आपल्यासारखी डाव्या बाजूनंच चालवायची असते, त्यामुळे हाताला वळण बदलावं लागत नाही. वाळूत गाडी हाकण्याचं वळण मात्र लावून घ्यावं लागतं. दुसरी, पिवळ्या तापाची लस. केनिया, इथिओपियासारख्या देशांतून भारतात परतणाऱ्याकडे तिचं प्रमाणपत्र लागतं. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर धरली जाते. बोत्सवाना या रोगाच्या यादीत नाही, पण विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असेल तर तिकीट काढतानाच नियम वाचून घ्यावा. प्रमाणपत्र नसलं तर मायदेशी आल्यावर विमानतळावरच अलगीकरणात बसावं लागू शकतं, आणि घरच्यांना ते समजावून सांगणं सिंहाची गोष्ट सांगण्यापेक्षा अवघड.

आता पाणी. बोत्सवानात चोबे नदीकाठी इहाहा नावाचा तळ आहे. झिम्बाब्वेतल्या माना पूल्स राष्ट्रीय उद्यानात झाम्बेझीच्या काठी न्यामेपी. दोन्ही तळांना कुंपण नाही. विस्तवाची जागा, थोड्या अंतरावर स्वच्छतागृह, एवढ्यावर माणसाची हद्द संपते. पुढे नदी आणि नदीवर येणारे सगळे.

आपल्या मनात सिंह असतो, पण काठावर खरी वहिवाट पाणघोड्याची. दिवसभर पाण्यात नाक-डोळे वर ठेवून पडून राहणारा, दीड टनाच्या आसपासचा हा प्राणी सूर्य कलला की चरायला बाहेर निघतो, रात्रभर गवत खातो आणि उजाडायच्या सुमारास परततो. त्याच्या वाटा ठरलेल्या असतात, पायदळी पडून काठाला घळी पडलेल्या दिसतात. जाणकार माणूस तंबू लावण्याआधी त्या घळी शोधतो आणि त्यांच्या तोंडाशी गाडी लावत नाही. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये सापडू नये हा तिथला पहिला धडा. त्याला तुम्हाला खायचं नसतं. त्याला घरी जायचं असतं आणि वाटेत तुम्ही असता.

मगरीचं गणित याच्या उलट. ती चालून येत नाही, वाट बघते. म्हणून भांडी नदीवर घासायला नेत नाहीत, पाणी काठावर बसून भरत नाहीत, संध्याकाळी पाय सोडून बसत नाहीत. संथ पाण्यात आणखी एक न दिसणारा पाहुणा आहे. काही जातींच्या गोगलगायींमध्ये वाढणारे परजीवी माणसाच्या कातडीतून आत शिरतात आणि बिल्हार्झिया होतो. मालावी सरोवरासारखं आरसपानी पाणीही त्याला अपवाद नाही.

हत्तीचं म्हणाल तर माना पूल्समध्ये संत्री-मोसंबी न्यायला बंदी आहे. वास लागला की हत्ती गाडी उघडायला बघतो, आणि हत्तीची उघडण्याची रीत आपल्याला परवडणारी नसते. तरस रात्री बाहेर राहिलेले बूटही पळवतात, चामड्याचे असले तर कौतुकानं. माकडांबद्दल त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगीला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. या सगळ्या नियमांचा अर्थ एकच निघतो. स्वयंपाक उजेडात, वासाची प्रत्येक वस्तू गाडीत, आणि अंधार पडला की माणूस तंबूत. राष्ट्रीय उद्यानात रात्री गाडी चालवायलाही मनाई असते, त्यामुळे दुपारी तीन-चारला मुक्कामी पोचणं हा आळस नव्हे.

ऋतूचा घोटाळाही समजून घ्यावा लागतो. अंगोलाच्या डोंगरांत जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस शेकडो किलोमीटर रमतगमत ओकावांगोच्या खोऱ्यात उतरतो आणि तिथं पाण्याची उंची सर्वांत जास्त होते ती जून ते ऑगस्टच्या कोरड्या थंडीत. म्हणजे आभाळ निरभ्र आणि खाली पूर. आपल्या पंचांगाची सवय असलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. पण धरणाखाली राहणाऱ्या नाशिककरानं तरी आश्चर्य करू नये. गावात पाऊस उघडलेला आणि गंगापूरच्या विसर्गानं गोदावरी फुगलेली, हे दृश्य इथं नवं नाही.

आफ्रिकेत नदीकाठी तंबू टाकून, स्वतः रांधून राहिलेल्या भारतीयांची एक जुनी नोंद आहे, आणि ती हौसेची नाही. १८९८ मध्ये युगांडा रेल्वेसाठी त्सावो नदीवर पूल बांधायला नेलेले मजूर, बहुतेक पंजाबकडचे, नदीच्या आसपास विखुरलेल्या तळांत राहत होते. मार्च ते डिसेंबर या काळात दोन सिंहांनी त्यांतल्या अनेकांना तंबूतून ओढून नेलं. तळाभोवती काटेरी झुडपांची कुंपणं घातली, विस्तव पेटते ठेवले, तरी सिंह आत शिरत राहिले. शेवटी कामच थांबलं. सिंह मारणाऱ्या पॅटरसन या अभियंत्यानं नंतर बळींचा आकडा १३५ सांगितला; अलीकडच्या संशोधकांनी सिंहांच्या हाडांच्या आणि केसांच्या रासायनिक तपासणीवरून तो ३५ च्या आसपास आणला. आकडा कोणताही धरा, ती माणसं तिथं सहलीला गेली नव्हती आणि जागा निवडायचा अधिकार त्यांना नव्हता. आपल्याला तो आहे, आणि आपण तो फोटोसाठी वापरतो.

आपल्याकडे पाणघोडा नाही. आपल्याकडे जलसंपदा विभाग आहे.

नाशिकभोवती पाण्याला तोटा नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, भावली, वैतरणा आणि डोंगरापलीकडे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातलं भंडारदरा. यांतलं एकही पाणी नैसर्गिक तळ्याचं नाही, सगळी धरणं आहेत. त्यामुळे त्यांचा काठ म्हणजे रोज सरकणारी रेघ. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं, त्यात अकरा टीएमसीच्या वर पाणी मावतं आणि ते प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या ऊस-गव्हासाठी आवर्तनानं सोडलं जातं. ऑक्टोबरात जिथं पाणी असतं तिथं मार्च-एप्रिलमध्ये भेगाळलेली जमीन असते. जायकवाडीत साठा कमी असला तर समन्यायी वाटपाच्या नियमानं वरच्या धरणांतून जास्तीचं पाणी खाली जातं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरातच काठ मागे हटतो. तंबूवाल्याला वर्तमानपत्रातली ही पाण्याची भांडणं कंटाळवाणी वाटतात, पण त्याच्या मुक्कामाचा नकाशा तिथंच छापलेला असतो.

घाटघरला तर काठ दिवसाच्या दिवसात हलतो. तिथं २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वरच्या जलाशयातलं पाणी घाटाखाली चोंढ्याकडे सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी झाली की तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवतात. मागणी कमी होण्याची वेळ एरवी रात्रीची. म्हणजे संध्याकाळी पाण्यापासून लांब वाटलेली सपाट जागा पहाटे तितकी लांब राहीलच असं नाही. असा काठ ओळखायची खूण सोपी: ओल्या-वाळलेल्या मातीचे पट्टे, काडीकचऱ्याची रांग, गवत कुठून सुरू होतं ती रेषा. बिऱ्हाड गवताच्या वर. गोदाकाठी आपण दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की छातीला, यावरून पुराचं माप काढतो. २०१६ आणि २०१९ च्या पुरात सगळ्या शहरानं ते माप पाहिलं. धरणाच्या मागच्या बाजूला मारुती नसतो, तिथं गवत बघावं लागतं.

पाणी मागे हटल्यावर उघडी पडणारी जमीनही मोकळी नसते. ती गाळपेराची. धरणात ज्यांची शेतं गेली त्यांना प्राधान्य देऊन विभाग ती हंगामापुरती कसायला देतो आणि तिच्यावर हरभरा, गहू, भाजीपाला, चारा निघतो. शहरातून आलेल्याला ती 'बीच' वाटते. गाडी थेट पाण्यापर्यंत नेली जाते, चाकं रुततात, मग ट्रॅक्टर शोधायला गावात जावं लागतं, आणि ज्याच्या हरभऱ्यावरून गाडी नेली त्याचाच ट्रॅक्टर असतो. गाळाचं दुसरं रूप जास्त वाईट. वरून सुकलेला, आतून दलदल. पोहता येणाराही त्यात अडकतो, आणि धरणांवर दरवर्षी जे बुडतात त्यांत पोहणारे कमी नसतात.

भंडारदऱ्याचा बराच परिसर १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटवणं गुन्हा आहे. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी या गावांत महादेव कोळी आणि ठाकर घरं आपल्या अंगणात, शेतात तंबू लावू देतात, जेवण करून देतात. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, इथं जत्रा लोटते. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे एका तालात लुकलुकतात ते मादीला बोलावण्यासाठी; त्यांच्यावर गाडीचे दिवे सोडून आपण कुणाचं लग्न मोडतोय याची जाणीव थोड्यांना असते. त्या दिवसांत मी तरी तंबू घेऊन जाऊ नये असं म्हणेन. पावसाळ्यात तर धबधबे-धरणांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतातच.

सफारीच्या सर्वांत जवळचं पाणी मात्र नाशिकच्या दुसऱ्या अंगाला आहे, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली नांदूर मध्यमेश्वरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला, कालव्यांसाठी. मागे गाळ साठत गेला, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती, दलदल तयार झाली आणि पाखरं आली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोणार त्याच वर्षी मागून आलं. चापडगावच्या मनोऱ्यावरून हिवाळी सकाळी चित्रबलाक, चमचे, शराटी, जांभळ्या पाणकोंबड्या, थापटे, तलवार बदकं, चक्रवाक, नशीब असेल तर क्रौंचांचे थवे दिसतात. अभियंत्यांनी उसासाठी अडवलेल्या पाण्यात हे झालं, याची गंमत वाटते.

इथं काठावर तंबू टाकण्याचा विचारही करू नये. बदकं रात्रभर उथळ पाण्यात खात असतात, विस्तव आणि बोलण्यानं ती उठतात. मुक्काम गावात किंवा शेतावर करावा आणि पहाटे दुर्बीण घेऊन यावं. थंडीला कमी लेखू नये. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते, आणि पाण्याकाठच्या दंवानं तंबू आतूनही भिजतो. शिवाय शेतावर म्हणजे उसाच्या शेजारी, आणि उसात बिबट्या.

बिबट्याबद्दल इथं जरा थांबायला हवं, कारण काठावरच्या स्वयंपाकाचा आणि त्याचा थेट संबंध आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागातल्या बागायती पट्ट्यात, जंगल नसलेल्या आणि माणसांची दाट वस्ती असलेल्या मुलखात, कॅमेरे लावून बिबटे मोजले. १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आणि जवळपास तितकीच तरसं निघाली. २०१३ मध्ये हे छापून आलं तेव्हा जंगल अभ्यासणाऱ्यांनाही धक्का बसला. नंतर विष्ठेच्या तपासणीतून त्यांचं जेवण कळलं. खाल्लेल्या मांसाच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव-गावठी जनावरांचा, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्या मानानं बऱ्याच मागे.

म्हणजे साखळी अशी: माणूस खरकटं टाकतो, खरकट्यावर कुत्री जगतात, कुत्र्यांवर बिबट्या. ही साखळी शेतात वर्षानुवर्षं चालू आहे आणि ती चालू असूनही बहुतेक रात्री काही विपरीत घडत नाही. तंबूवाला येतो आणि तिचं पहिलं टोक स्वतःच्या दारात आणून ठेवतो. कोंबडीची हाडं, मसाला पुसलेला कागद, अर्धी भाकरी शेगडीच्या मागे फेकली की तासाभरात वाडीवरची दोन-चार कुत्री हजर. मुलांना त्यांचं कौतुक, मोबाइलवर फोटो. रात्री ती कुत्री तंबूच्या आडोशाला झोपतात आणि अडीच-तीनला एकदम भुंकायला लागतात, मग अचानक गप्प होतात. आफ्रिकेत संत्र्याला बंदी का, हे त्या वेळी कळतं. बिबट्या माणसाच्या मागे आलेला नसतो. पण अंधारात लघवीला उठलेलं लहान पोर खाली बसलं की त्याची उंची कुत्र्याएवढीच असते. निफाड, सिन्नर, दिंडोरीत शेतावर राहणाऱ्यांना हे पाठ आहे. पोरं रात्री एकटी बाहेर सोडत नाहीत, अंगणात दिवा ठेवतात, बाहेर निघताना मोठ्यानं बोलतात किंवा मोबाइलवर गाणं लावतात.

बिबट्याइतकी चर्चा सापाची होत नाही, आणि खरं तर ती जास्त व्हायला हवी. नाग, घोणस, फुरसं पायाखाली येऊन चावतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश बहुधा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तोवर बराच वेळ गेलेला असतो. याला उत्तर सोपं आहे: तळ शिवलेला तंबू, चेन कायम बंद, बूट आत, अंथरूण झटकून. मुक्कामाच्या जागेपासून सर्पदंशाची लस असणारं सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि मोबाइलला रेंज कुठल्या वळणावर येते, ही दोन उत्तरं घरून निघण्याआधी कागदावर हवीत. १०८ ला फोन लावायला टेकडी चढावी लागू नये.

आता चूल. उघड्यावर रांधण्याचं शास्त्र नाशिकला परकं नाही. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. तिच्यातली एखादी दिंडी मुक्कामी पोचते तेव्हा तिचा ट्रक बघावा. सर्वांत शेवटी चढवलेली वस्तू सर्वांत आधी लागणारी असते: ताडपत्री, मग शेगड्या, मग पाण्याचं पिंप, मग चहाचं पातेलं. पीठ मळायची परात आणि भाजी चिरायची जागा वेगळी. तंबूवाल्या चौघांच्या डिकीत मात्र तवा तळाशी, स्लीपिंग बॅगा वर आणि काडेपेटी कुणाच्या तरी जॅकेटात. दिंडीतल्या आचाऱ्याला अर्धा तास सोबत घेऊन सामान लावून घेतलं, तर आफ्रिकेतल्या गाडीचं पुस्तक वाचायची गरज उरणार नाही.

पाण्याकाठी खरा वैरी वारा. सूर्य मावळता मावळता पाण्यावरून वारा सुटतो आणि शेगडीची आच एका बाजूला पळते. पातेलं निम्मं उकळतं, निम्मं गार. भाकरी करणाऱ्याला हे लगेच कळतं. तव्यावर टाकलेली भाकरी वाऱ्याच्या बाजूनं कच्ची राहते, वरून फिरवलेलं पाणी लगेच सुकून पापुद्रा तडकतो, आणि उलटून विस्तवावर धरली तर फुगायच्या ऐवजी कडेनं करपते. तिन्ही बाजूंनी आडोसा हवा. पत्र्याचे घडीचे आडोसे मिळतात, नाहीतर गाडीच्या आड, डिकीच्या दरवाज्याखाली चूल मांडावी. तिथं पेट्रोलच्या टाकीपासून लांब, हे सांगावं लागू नये. लाकडं तोडायची नाहीत. पाच किलोचा छोटा सिलिंडर दोन दिवस पुरून उरतो.

पहिल्या रात्रीचं जेवण घरूनच करून न्यावं हा माझा ठाम आग्रह. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडं पिठलं, दही-भातही चालेल. तंबू उभारण्यात दोन तास जातात आणि अंधारात मटण शिजवायला बसलेला माणूस काठावरचं काहीच बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटीच्या बाजारातला तांदूळ, वाटेत मिळाली तर नागलीची भाकरी, कांदा, ठेचा. मसाल्याचं मांस दुपारी करावं, उजेडात खावं, हाडं डब्यात बंद करून गाडीत ठेवावीत आणि नाशिकला परत आणावीत. भांडी पाण्यात नेऊन घासायची नाहीत. बादलीत पाणी आणायचं, राखेनं किंवा मातीनं घासायचं आणि धुवण काठापासून चांगलं लांब जिरवायचं. धरणाचं ते पाणी खाली कुणाच्या तरी नळाला जाणारं असतं, गंगापूरचं तर आपल्याच.

आफ्रिकेला निघण्याआधी एक रात्र भंडारदऱ्याला काढावी, पण तालीम म्हणून. तेच तंबू, तीच माणसं, तेवढंच सामान. दुपारी चारला चूल पेटली पाहिजे, दिवेलागणीला भांडी स्वच्छ, वास येणारी प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, गाडीत बंद. त्यानंतर कुणालाही बिस्किटाचा पुडा उघडावासा वाटला तर त्यानं गाडीत बसून खावा. ज्यांना हे जमत नाही त्यांच्याबरोबर चोबेला जाऊ नये. नाती टिकवायची असतील तर हे आधीच कळलेलं बरं. बोत्सवाना-झिम्बाब्वेतल्या चांगल्या तळांच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे तालीम नोव्हेंबरात आणि प्रवास पुढच्या जून-जुलैत, असं गणित बसतं.

तालमीच्या सकाळी चहा होण्याआधी कुणीतरी गवताच्या रेषेखाली ओल्या मातीवर जाऊन यावं. रात्री कोण आलं ते तिथं लिहिलेलं असतं. गुरांचे खूर, बगळ्याची तीन बोटं, एखाद्या वेळी मुंगसाची नाजूक ओळ. पंजे असतील तर नखं बघावीत. नखं उमटली असली तर कुत्रा किंवा तरस. गोल, रुंद पंजा आणि नखं नाहीत, अशी ओळ तंबूच्या दिशेनं येऊन वळून गेलेली दिसली तर घाबरून गाशा गुंडाळायचं कारण नाही. रात्रीची हाडं कुणी कुठे टाकली, एवढं मात्र सगळ्यांना एकत्र बसवून विचारावं.